एकात दोन

चहाच्या टपरीवर कुणी ‘एकात दोन’ सांगतो, तेव्हा एका कपाचे दोन सारखे भाग होतात. ‘दोनात तीन’ म्हटलं, की प्रत्येकाच्या वाट्याला दोन तृतीयांश कप येतो. चहावाला अपूर्णांक मांडत बसत नाही. पेल्यांतली पातळी बघतो आणि ओततो. आपली जुनी मापं अशीच नजरेतून आली.

दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. पुढं दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. वजनातही अर्धा शेर, पावशेर, अदपाव, छटाक. रुपयाचे आणेही १६. कारण साधं आहे. अर्धं करायला डोळा पुरतो, दहावा भाग काढायला हिशेब लागतो. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, ती याच बाजारासाठी.

पण एका गावची पायली दुसऱ्या गावी चालेलच असं नव्हतं, आणि या फरकात नेहमी अडाणी माणूसच मार खाई. म्हणून देशभर एकच माप हवं होतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅम आला.

आता समजा, चहाचा कप एक आण्याला आहे. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोनाचे १२, तिनाचे १९ आणि चाराचे २५ पैसे धरले होते. चौघांनी आपापले पैसे दिले तर २४ होत, एकानंच चौघांचे दिले तर २५. आणि दुकानदारानं प्रत्येकाकडून ७ घेतले, तर थेट २८! माझे अब्बा सांगायचे, त्या दिवसांत चौघांनी मिळून चहा प्यावा. चार आण्यांचे पंचवीस, त्यात वादाला जागाच नाही.

वजनाचंही तेच. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमनी, म्हणजे छटाकाहून थोडा अधिक, मोठा. माप बदललं की भावही त्याच प्रमाणात बदलायला हवा. ज्याला हे प्रमाण कळलं तो वाचला. ज्याला फक्त नवं नाव कळलं, त्याला फसवणं सोपं होतं.

माप आणि प्रमाण यांतला हा फरक घरातल्या बाईला पक्का ठाऊक असतो. दोन कप पाण्याला एक कप दूध, हे प्रमाण. कप लहान असो की मोठा, पाणी आणि दूध दोन्हींना तोच घेतला तर चहा बिघडत नाही. मात्र कप बदलला आणि साखरेचा चमचा जुनाच राहिला, की पहिल्या घोटालाच कळतं.

पंचवीस पैशांचं नाणंही ३० जून २०११ पासून चलनातून गेलं. तरी भाजीवाल्याकडं आपण ‘पावशेर’च मागतो, आणि पटलेली गोष्ट अजून ‘सोळा आणे’ खरी असते. मापं सरकार ठरवतं, आणि ती ठरवायलाच हवीत. प्रमाण मात्र आपल्याला सांभाळावं लागतं. ऐन वेळी पाहुणा आला, तर आधणात पाणी वाढतं, दूध तेवढंच राहतं. चहा थोडा पातळ होतो, पण सगळ्यांचा सारखाच पातळ होतो.