काना गावचा द्राक्षारस आणि मोहाची दारू



ख्रिस्ती माणसानं दारू प्यावी का, हा प्रश्न आमच्या गुडीहत्नूरच्या भागात सरळ कुणी विचारत नाही. तो असा येतो: "वेदीवर फादर द्राक्षारस घेतात, प्रभूनं लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, मग आम्ही कार्यात घोटभर घेतली तर काय बिघडलं?" शेजारच्या काही मंडळ्यांत यावर उत्तर तयार असतं. बायबलमधला द्राक्षारस म्हणजे द्राक्षांचा गोड रस, ती दारू नव्हेच! आम्हाला वाटतं, दोन्हीकडचे लोक जरा घाई करतात.

या तयार उत्तराला आपल्या मराठीचाही हातभार आहे. मराठी नवा करार विल्यम केरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघाला. त्यानंतर भाषांतरं बरीच झाली, आणि आज आपण वाचतो त्यात 'द्राक्षारस' हाच शब्द रूढ आहे. 'रस' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाचा रस येतो. पण मूळ हिब्रू 'यायिन' आणि ग्रीक 'ओइनोस' हे आंबवलेल्या द्राक्षारसाचेच शब्द. काना गावची गोष्ट नीट वाचली (योहान २) तर तिथेच खूण सापडते. भोजनकारभारी वराला म्हणतो की लोक आधी चांगला देतात आणि पाहुणे भरपूर प्यायले की मग हलका काढतात. नुसत्या रसाबद्दल असं कोण बोलेल? आणि करिंथच्या मंडळीला पौलानं खडसावलं ते कशावरून? प्रभुभोजनाला जमल्यावर कुणी उपाशी राहतो आणि कुणी झिंगतो, यावरून (१ करिंथ ११). रसानं कुणी झिंगत नाही.

प्याल्यात द्राक्षारसाऐवजी पाणी घ्यावं, असं म्हणणारे पहिल्या शतकांतही होतेच. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्यावर एक लांब पत्र लिहिलं: प्रभूनं जे केलं तेच आपण करायचं, प्याल्यात नुसतं पाणी चालणार नाही. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तोम यांनी उलट्या बाजूनं तेच सांगितलं. द्राक्षारस देवाचं दान आहे, दोष झिंगण्यात आहे. द्राक्षांच्या गोड रसाची प्रभुभोजनातली प्रथा तर अगदी अलीकडची. अमेरिकेत टॉमस ब्रॅमवेल वेल्च नावाचे दंतवैद्य होते, मेथडिस्ट पंथाचे. पाश्चर यांची उष्णता देण्याची रीत वापरून त्यांनी १८६९ साली न आंबणारा रस बाटलीत भरला, तो चर्चसाठीच. त्याआधी द्राक्षं पिळली की काही दिवसांत रस आपोआप आंबे. तो वर्षभर गोड ठेवणं सोपं नव्हतं. त्या मंडळ्यांचा हेतू चांगलाच होता. दारूनं मोडलेली घरं त्यांनी पाहिली होती. पण हेतू चांगला म्हणून इतिहास बदलत नाही.

मग पहिल्या प्रश्नवाल्यांचं खरं का? तेही नाही. त्या काळचा द्राक्षारस बहुधा पाणी घालून पीत. आपल्या बायबलात असलेल्या, पण प्रॉटेस्टंट बायबलात नसलेल्या मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अगदी शेवटी हीच उपमा आहे: पाणी मिसळलेला द्राक्षारसच गोड लागतो. नुसत्या आंबवलेल्या रसात मद्यार्क साधारण १२ ते १५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि पाणी घातलं की आणखी उतरतो. भट्टी लावून, वाफ धरून गाळलेली दारू बायबलच्या लोकांना ठाऊक नव्हती. युरोपात द्राक्षारसापासून अशी दारू काढण्याची विद्या साधारण बाराव्या शतकातली. आज दुकानातल्या बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांच्या घरात असतो. काना गावचा दाखला त्या बाटलीवर चिकटवता येत नाही. आणि नोहाची फजिती (उत्पत्ती ९), नीतिसूत्रांच्या २३व्या अध्यायातला लाल डोळ्यांचा, मार खाऊनही शुद्ध नसलेला माणूस, ही चित्रं तर साध्या द्राक्षारसानंच झालेली आहेत.

आपल्या भागात द्राक्षवेल नाही, मोह आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन फुलं वेचतात. टंचाईत ती फुलं पोटालाही आधार देतात, बियांचं तेल निघतं. गोंड-कोलामांच्या देवकार्यात आणि लग्नात मोहाच्या दारूला मान आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण त्या झाडावर सरकारचीही नजर होती. निजामाच्या राज्यात आबकारी हे उत्पन्नाचं मोठं साधन होतं, आणि पुढच्या सरकारांनीही ते सोडलं नाही. गावोगाव साऱ्याचं दुकान पोचलं ते कुठल्या देवकार्यासाठी नव्हे.

त्याविरुद्ध उठल्या त्या बायकाच. तेव्हा आपण आंध्र प्रदेशात होतो. नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी साक्षरतेच्या वर्गात शिकणाऱ्या बायकांनी १९९२च्या सुमारास साऱ्याचं दुकान बंद पाडलं आणि वणवा राज्यभर गेला. १९९३ मध्ये साऱ्यावर बंदी आली, १९९५ मध्ये एन. टी. रामाराव सरकारनं पूर्ण दारूबंदी केली. महसुलाच्या ओढीनं १९९७ मध्ये ती उठली. त्या बायकांनी शास्त्रातला कुठलाच दाखला काढला नव्हता. घरात पीठ आहे की नाही, एवढंच त्या पाहत होत्या.

पौलाचंही मोजमाप याहून फार वेगळं नाही. तीमथ्याला तो पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो (१ तीमथ्य ५), आणि रोमकरांना सांगतो की ज्यानं भाऊ ठेचकाळतो ते न पिणंच बरं (रोम १४). घेणं पाप नाही, आणि तरी सोडायचं. का? समोरच्यासाठी. गुडीहत्नूरच्या आसपास जिथे एका घोटावर बाप पुन्हा भट्टीकडे वळतो, तिथे आमच्या लग्नांत आणि सणांत बाटली नसावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेदीवरचा द्राक्षारस मात्र राहील. चर्चचा नियम आहे की तो द्राक्षाचा आणि नैसर्गिकच हवा. आणि ज्या फादरांना व्यसनामुळे एक थेंबही धोक्याचा, त्यांच्यासाठी बिशपांच्या परवानगीनं 'मुस्तुम' चालतो. हा आंबणं अगदी सुरुवातीलाच थांबवलेला द्राक्षांचा ताजा रस. १९९५ च्या रोमच्या पत्रात त्याची मुभा आहे. त्या फादरांनी मिस्सा केली तर ती मिस्सा कमी होत नाही, आणि त्यांच्या प्याल्यात काय आहे, हे विचारायचं कुणाला कारणही नसतं.