गिव्ह 'एम इनफ रोप

गिव्ह 'एम इनफ रोप : 'द क्लॅश' या लंडनच्या पंक रॉक बँडचा दुसरा अल्बम. सीबीएस कंपनीने तो १० नोव्हेंबर १९७८ रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित केला. अमेरिकेत तो याच कंपनीच्या एपिक या शाखेने बाजारात आणला. क्लॅशचा अमेरिकेत रीतसर प्रकाशित झालेला हा पहिलाच अल्बम. त्यात दहा गाणी आहेत.

पार्श्वभूमी : क्लॅशची स्थापना १९७६ मध्ये झाली. जो स्ट्रमर (गायन, गिटार), मिक जोन्स (गिटार, गायन) आणि पॉल सिमोनन (बेस गिटार) हे बँडचे मुख्य सदस्य. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी सीबीएसशी एक लाख पौंडांचा करार केला. बेकारी आणि रस्त्यावरचा असंतोष गाणाऱ्या बँडने बलाढ्य कंपनीशी करार करावा, हे पंकच्या अनेक चाहत्यांना रुचले नाही. एप्रिल १९७७ मध्ये आलेला पहिला अल्बम ब्रिटिश विक्रीयादीत बाराव्या स्थानी पोहोचला. पण त्याचा खडबडीत आवाज अमेरिकी रेडिओला मानवणार नाही, असे ठरवून एपिकने तो प्रकाशित करण्याचे टाळले. तरीही आयात केलेल्या प्रती अमेरिकेत मोठ्या संख्येने खपल्या. तिथे श्रोता आहे हे त्यातून दिसले आणि दुसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनीचे लक्ष त्या बाजारपेठेकडे वळले. दरम्यान ड्रमवादक टेरी चाइम्स यांची जागा टॉपर हेडन यांनी घेतली होती.

ध्वनिमुद्रण : निर्माता म्हणून सँडी पर्लमन या अमेरिकी निर्मात्याची निवड झाली. 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या हार्ड रॉक बँडबरोबरच्या कामामुळे ते ओळखले जात. मुख्य ध्वनिमुद्रण लंडनच्या बेसिंग स्ट्रीट स्टुडिओत झाले. त्यानंतर स्ट्रमर व जोन्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटोमॅट स्टुडिओत गायनाची व गिटारची भर घातली; अंतिम मिश्रण न्यूयॉर्कमध्ये झाले. पहिल्या अल्बमपेक्षा हा आवाज भरदार आणि घोटीव आहे. गिटारचे थरावर थर चढवलेले आहेत, ड्रम ठळक आहेत आणि स्ट्रमर यांचा आवाज वाद्यांच्या गर्दीत काहीसा मागे राहतो.

गाणी : नव्या गाण्यांच्या तयारीसाठी १९७७ च्या अखेरीस स्ट्रमर व जोन्स जमैकाला गेले. रेगेवर प्रेम करणाऱ्या या दोघांना किंग्स्टनमध्ये आपण परके असल्याची जाणीव झाली आणि भीतीही वाटली. 'सेफ युरोपियन होम' हे पहिले गाणे या अनुभवाची थट्टा करते. 'टॉमी गन'मध्ये दहशतवाद्यांभोवतीच्या वलयावर टीका आहे. त्यातले हेडन यांचे ड्रमवादन मशीनगनच्या फैरींची आठवण करून देते. 'इंग्लिश सिव्हिल वॉर'ची चाल अमेरिकी यादवी युद्धाच्या काळातील एका गीताची असून, ब्रिटनमध्ये नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे बळ वाढत असतानाचा इशारा त्यात आहे. 'गन्स ऑन द रूफ'च्या मुळाशी कॅम्डनमधील सराव-जागेच्या छतावरून एअरगनने कबुतरे टिपल्याबद्दल झालेली अटक आहे. 'जुलीज बीन वर्किंग फॉर द ड्रग स्क्वॉड' या गाण्याला एलएसडीच्या कारखानदारांविरुद्धच्या 'ऑपरेशन जुली' या पोलिसी कारवाईचा संदर्भ आहे. जोन्स यांनी गायलेले 'स्टे फ्री' शाळेतल्या मैत्रीबद्दल असून अल्बममधील सर्वांत हळवे गाणे मानले जाते. अखेरचे 'ऑल द यंग पंक्स' बँडच्या जडणघडणीकडे आणि करारांच्या व्यवहाराकडे वळून पाहते.

वेष्टन : वेष्टनाची रचना जीन ग्रीफ यांची आहे. मेलेल्या काउबॉयवर गिधाडे तुटून पडली आहेत आणि चिनी घोडेस्वार ते पाहत आहेत, असे हे भडक रंगांतील चित्र एका जुन्या पोस्टकार्डवर आधारलेले आहे. अमेरिकी श्रोत्याला डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या अल्बमवरचे हे चित्र उपरोधिक ठरते.

प्रसिद्धी व दौरे : प्रकाशनाच्या सुमारास बँडने व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स यांच्याशी संबंध तोडले, त्यानंतर काही काळ पत्रकार कॅरोलिन कून यांनी व्यवस्थापन पाहिले. ब्रिटनमध्ये 'सॉर्ट इट आउट' हा दौरा झाला. नोव्हेंबर १९७८ मध्ये आलेली 'टॉमी गन' ही सिंगल एकोणिसाव्या स्थानी पोहोचून क्लॅशची पहिल्या विसांत येणारी पहिली सिंगल ठरली. फेब्रुवारी १९७९ मध्ये आलेली 'इंग्लिश सिव्हिल वॉर' पंचविसाव्या स्थानापर्यंत गेली. त्याच सुमारास बँडने 'पर्ल हार्बर' या नावाने उत्तर अमेरिकेचा पहिला दौरा केला. त्याची सुरुवात कॅनडातील व्हँकूव्हर येथे झाली आणि न्यूयॉर्कमधील कार्यक्रम पॅलेडियम सभागृहात झाला. रॉक अँड रोलच्या पहिल्या पिढीतील बो डिडली यांना बँडने आग्रहाने सोबत घेतले होते. कार्यक्रमाची सुरुवात मात्र अमेरिकेचा कंटाळा आल्याचे सांगणाऱ्या 'आय'म सो बोअर्ड विथ द यूएसए' या गाण्याने होई. ज्या देशात श्रोते मिळवायचे, त्यालाच डिवचण्याची ही रीत दौऱ्याच्या नावातही दिसते.

प्रतिसाद : ब्रिटनमध्ये अल्बम विक्रीयादीत दुसऱ्या स्थानी पोहोचला. समीक्षकांची मते विभागली गेली : काहींना वाजवण्यातील वाढलेली ताकद भावली, तर काहींना हा आवाज अमेरिकी हार्ड रॉककडे झुकलेला वाटला. अमेरिकेत समीक्षकांनी कौतुक केले, तरी बिलबोर्डच्या यादीत अल्बम १२८ व्या स्थानापुढे सरकला नाही. म्हणजे रेडिओसाठी केलेल्या घोटीवपणाने विक्री फारशी वाढवली नाही; बँडचे नाव झाले ते मुख्यतः रंगमंचावरील सादरीकरणामुळे.

परिणाम : जुलै १९७९ मध्ये एपिकने क्लॅशचा पहिला अल्बमही गाण्यांत फेरफार करून अमेरिकेत प्रकाशित केला. ऑटोमॅट स्टुडिओतील जूकबॉक्सवर ऐकलेले 'आय फॉट द लॉ' हे बॉबी फुलर फोर यांच्यामुळे गाजलेले गाणे बँडने पुढे स्वतः ध्वनिमुद्रित केले आणि ते या अमेरिकी आवृत्तीत समाविष्ट झाले. डिसेंबर १९७९ मध्ये आलेल्या 'लंडन कॉलिंग' या तिसऱ्या अल्बमसाठी बँडने गाय स्टीव्हन्स हे निर्माते निवडले आणि रेगे, रॉकाबिली, जॅझ अशा अनेक शैलींना वाव दिला. हा अल्बम अमेरिकेत २७ व्या स्थानी पोहोचला.