देवळालीचा ताप : युद्ध, मनाची जखम आणि संमोहन

१/१०
इंग्रजीत ‘डुलाली’ असा एक शब्द आहे. अर्थ : डोके फिरलेला. तो नाशिकजवळच्या देवळालीवरून आला. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक तेथील छावणीत जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने पडून राहत. तेथे जडणाऱ्या भ्रमिष्टपणाला ते ‘देवळाली टॅप’ म्हणत. हा ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’.

२/१०
सैनिकाच्या मनाच्या या जखमेला वैद्यकीय साहित्यात ठसठशीत नाव मिळाले ते फेब्रुवारी १९१५ मध्ये. चार्ल्स मायर्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तीन सैनिकांची हकिगत छापली. जवळच तोफगोळे फुटल्यानंतर त्यांच्या स्मृतीवर, दृष्टीवर, गंध व चव यांवर परिणाम झाला होता. मायर्स यांनी शब्द वापरला ‘शेल शॉक’.

३/१०
अशा रुग्णांची हरवलेली स्मृती परत आणण्यासाठी मायर्स यांनी वापरलेले एक साधन होते संमोहन. विराटपर्वात अर्जुन संमोहनास्त्राने कौरवसेनेला बेशुद्ध करतो. येथे उद्देश नेमका उलट होता : युद्धाने जे झोपवले, ते जागे करणे.

४/१०
या साधनाचा एक जुना अध्याय भारतातच घडला. ४ एप्रिल १८४५ रोजी बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या शल्यविशारदाने एका कैद्याला ‘मेस्मेरिझम’ने गुंगीत नेले. पुढे त्याने याच अवस्थेत अनेक मोठ्या शस्त्रक्रिया केल्या. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्यासाठी रुग्णालयही निघाले. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर ही पद्धत मागे पडली. मात्र पहिला रुग्ण कैदी होता, त्याच्या संमतीला कितपत अर्थ होता, हा प्रश्न आजही उरतो.

५/१०
एस्डेलचा प्रश्न देहाच्या वेदनेचा होता. मनाच्या वेदनेकडे संमोहन वळले ते फ्रान्स व ऑस्ट्रियात. प्येर जाने यांनी १८८९ मध्ये मांडले की, असह्य अनुभव जाणिवेपासून तुटून वेगळा राहतो. ब्रॉयर व फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ १८९५ चा. फ्रॉइड यांनी पुढे संमोहन सोडले. युद्धाने मात्र ते पुन्हा वापरात आणले.

६/१०
पहिल्या महायुद्धात या उपचाराचे दोन मार्ग दिसतात. हॅम्बुर्गचे मॅक्स नोन सूचना देऊन कंप, मुकेपणा अशी लक्षणे झपाट्याने घालवत. पोझेनचे एर्न्स्ट झिमेल रुग्णाला संमोहित अवस्थेत दडपलेल्या प्रसंगापर्यंत नेत. पहिल्या मार्गाने सैनिक लवकर बरा दिसे. पण लक्षण गेले म्हणजे जखम भरली, असे नव्हे.

७/१०
१९२० मध्ये ब्रिटनमध्ये यावर वाद झडला. विल्यम ब्राउन यांच्या मते दडलेली भावना पुन्हा उसळून बाहेर पडणे, हाच उपचार. मायर्स व विल्यम मॅकडूगल यांचे म्हणणे वेगळे : भावनेचा स्फोट गौण, तुटलेली आठवण उर्वरित आयुष्याशी पुन्हा जोडली जाणे महत्त्वाचे.

८/१०
याच काळात १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात पुणे डिव्हिजनमध्ये लढत होत्या. कुत येथील वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे वाळवंटातील पायपीट आणि बंदिवासात असंख्य मेले. ब्रिटनमध्ये क्रेगलॉकहार्टसारखे मनोरुग्णालय अधिकाऱ्यांसाठी होते. हिंदी शिपायाचे नैराश्य मात्र पत्रे तपासणाऱ्या सेन्सॉरच्या अहवालांत उमटले, तेही ‘मनोधैर्या’चा प्रश्न म्हणून.

९/१०
‘पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ हे निदान अमेरिकी मनोविकार-सूचीत १९८० मध्ये आले. १९८९ मध्ये नेदरलँड्समधील एका अभ्यासात ११२ जणांवर संमोहनासह तीन उपचारपद्धती तपासल्या गेल्या. प्रतीक्षायादीतील रुग्णांपेक्षा तिन्ही गटांना अधिक आराम पडला. तरीही संमोहन आज सहसा मुख्य उपचार नसून पूरक साधन मानले जाते. संमोहित मन सूचनेला बळी पडते. न घडलेलेही ‘आठवू’ शकते.

१०/१०
म्हणून १९२० चा वाद अजून जुना झालेला नाही. रुग्णाला विसरायला लावावे, की आठवण सोसण्याचे बळ द्यावे? मायर्स यांचे उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. पण त्यासाठी कुणीतरी समोर बसून ऐकावे लागते. कुतहून परतलेल्या शिपायाच्या वाट्याला पदक आले, पेन्शन आली; असा ऐकणारा वैद्य क्वचितच आला असेल.