कपटाचे परिणाम: याकोबाच्या घराण्याचा दाखला

खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा वसईचे कॅथलिक आठवी म्हणून शिकतात, अहिल्यानगरकडचे प्रोटेस्टंट नववी म्हणून. फरक फक्त मोजण्याच्या रीतीचा, आज्ञा एकच. तिच्यावरच्या प्रवचनात मात्र बहुधा शिक्षेचाच भाग रंगतो: हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे विकलेल्या जमिनीच्या पैशाबद्दल खोटे बोलले आणि पेत्रासमोर कोसळून मेले. कपटाचा परिणाम समजून घ्यायला एवढा दाखला पुरत नाही. बहुतेक कपटी माणसे कोसळत नाहीत. गुरेढोरे राखून, नातवंडे पाहून, म्हातारपणी मरतात. त्यांचे आतून काय होते, हे पाहायचे तर उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची कथा उघडावी लागते.

अंध झालेला इसहाक थोरल्या एसावाला आशीर्वाद देणार असतो. रिबका धाकट्या याकोबाला एसावाचे कपडे घालते, हातांना आणि मानेला करडांची कातडी बांधते. आवाजाविषयी शंका येऊनही म्हातारा हाताला लागलेल्या केसांवर विश्वास ठेवतो. आपले खरे मत मनात ठेवून, फसवण्याच्या हेतूने वेगळे सांगणे म्हणजे असत्य, अशी व्याख्या संत ऑगस्टीनने इसवी सन 395 च्या सुमारास असत्यावरील आपल्या ग्रंथात केली. या व्याख्येत कातडेही बसते, कारण कपट करायला तोंड उघडावेच लागते असे नाही. पुढे याच ऑगस्टीनने याकोबाच्या कृतीला असत्य न मानता दैवी रहस्य ठरवले आणि थॉमस अक्वायनसनेही तीच वाट धरली. कुलपतीची अब्रू राखण्याची ही धडपड मला पटत नाही. मूळ ग्रंथ याकोबाची वकिली करत नाही. तो फक्त पुढे काय घडले ते सांगत जातो, आणि ते पुरेसे बोलके आहे.

पहिला फटका बसला रिबकेला. एसावाचा राग निवळेपर्यंत थोडे दिवस माझ्या भावाकडे राहा, असे सांगून तिने लाडक्या मुलाला हारानला धाडले. त्या थोड्या दिवसांची 20 वर्षे झाली. मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेख ग्रंथात कुठेही नाही. रिबकेच्या दाईच्या मृत्यूची नोंद आहे, रिबकेच्या नाही.

इकडे हारानात मामा लाबान भाच्याला वरचढ निघाला. त्याची धाकटी मुलगी राहेल हिच्यासाठी 7 वर्षे राबलेल्या याकोबाच्या पदरात त्याने लग्नाच्या रात्री थोरली लेआ टाकली. सकाळी याकोब जाब विचारतो, तेव्हा लाबान शांतपणे सांगतो की थोरलीच्या आधी धाकटीला देण्याची आमच्याकडे रीत नाही. ज्याने थोरल्याचा मान पळवला त्याला हे ऐकावे लागले. पुढची पिढी तर बापाचेच साहित्य वापरते. याकोबाचा मुलगा योसेफ याला विकून त्याचे भाऊ त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवतात आणि बापापुढे ठेवतात. बोकड आणि भावाचे कपडे: म्हाताऱ्या बापाला फसवण्याची सामग्री तीच.

मराठी वाचकाच्या ओठांवर इथे ‘करावे तसे भरावे’ येईल. ख्रिस्ती विचार तिथवर जातो, पण तिथे थांबत नाही. हिशेब चोख असता तर कपटाने मिळवलेला आशीर्वाद काढून घेतला गेला असता. तो काढला गेला नाही. उलट घर सोडून पळणाऱ्या याकोबाला बेथेल येथे देवाने सोबतीचे वचन दिले. कृपा मिळते, आणि तरीही कपटाचे परिणाम चालूच राहतात. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या नाहीत, तर विवेचन एक तर कर्मसिद्धान्ताकडे घसरते, नाही तर स्वस्त क्षमेकडे.

माझ्या मते सर्वांत खोल परिणाम उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात आहे. मिसर देशात मोठ्या अधिकाराला पोचलेल्या योसेफाने भावांना क्षमा केली, जमीन दिली, 17 वर्षे पोसले. बाप वारला आणि भाऊ हादरले: आता हा सूड घेणार. आम्हाला क्षमा कर असे बाबा मरण्यापूर्वी सांगून गेले, असा निरोप त्यांनी योसेफाला धाडला. याकोब असे काही बोलल्याचा उल्लेख आधी नाही. म्हणजे क्षमा मागतानाही त्यांना बनावाचा आधार घ्यावासा वाटला असावा. निरोप ऐकून योसेफ रडला. कपटाने माणसाची विश्वास ठेवण्याची शक्तीच जाते. जो फसवतो तो समोरच्यालाही आपल्यासारखाच धरून चालतो, मग मिळालेली क्षमाही त्याला सापळा वाटते. देवाच्या क्षमेवर जगू पाहणाऱ्या धर्मात याहून मोठी शिक्षा कोणती?

समाजाचे नुकसानही याच वाटेने होते. एकमेकांच्या शब्दावर भरवसा नसेल तर माणसे एकत्र राहूच शकणार नाहीत, असे अक्वायनस म्हणतो. इफिसकरांना लिहिताना पौल खरे बोलण्याचे कारण देतो ते हेच, की आपण एकाच शरीराचे अवयव आहोत. हनन्याचा प्रसंगही या अंगाने वाचावा. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, असे पेत्र त्याला स्पष्ट सांगतो. पैसे मागे ठेवणे हा गुन्हा नव्हता. थोडे देऊन सर्वस्व दिल्याचा आव आणणे हा होता, कारण नवी मंडळी उभी होती ती परस्परांच्या विश्वासावरच.

सुटकेची वाट आहे, पण ती लांबची आहे. हारानहून परतताना यब्बोक नदीकाठी रात्रभर झुंजणाऱ्या अनोळखी पुरुषाने याकोबाला नाव विचारले. बापाने विचारले तेव्हा त्याने एसावाचे नाव सांगितले होते. या वेळी स्वतःचे सांगितले. पश्चात्तापाचा आरंभ इथे आहे, शेवट नाही. दुसऱ्याच दिवशी एसावाने त्याला मिठी मारली, आणि तुझ्या मागोमाग सेईरला, तुझ्या मुलखात येतो असे सांगून याकोब सुक्कोथकडे वळला. मुरलेली सवय एका रात्रीत जात नाही.

म्हणूनच शास्त्र भावनेवर विसंबत नाही, भरपाई सांगते. लेवीयच्या सहाव्या अध्यायानुसार ठेव नाकारणाऱ्याने किंवा शेजाऱ्याला लुबाडणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा परत करायचा, आणि दोषार्पणही वाहायचे. क्षमेने पाप जाते, पण त्याने केलेली सगळी मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही स्पष्ट म्हणतो. कर वसूल करणाऱ्या जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले. त्याच्या घराला तारण मिळाल्याचे येशूने जाहीर केले ते हा आकडा ऐकल्यानंतर.