असुरक्षित साक्षीदार जबाब केंद्र

असुरक्षित साक्षीदार जबाब केंद्र म्हणजे लैंगिक अत्याचाराच्या पीडित व्यक्ती, बालके आणि इतर असुरक्षित साक्षीदार यांची साक्ष आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देता नोंदवण्यासाठी न्यायालयाच्या आवारात केलेली स्वतंत्र व्यवस्था होय. भारतातील असे पहिले केंद्र २०१२ साली दिल्लीतील कडकडडूमा न्यायालयात सुरू झाले.

== पार्श्वभूमी ==
तीव्र मानसिक आघातानंतर घटनेची आठवण पुष्कळदा सलग राहत नाही. एखादा आवाज किंवा चेहरा ठळकपणे लक्षात राहतो. मात्र वेळ आणि क्रम निसटून जातात. प्रतिकार न होता शरीर गोठून जाणे हीदेखील भीतीची ज्ञात प्रतिक्रिया आहे. भरलेल्या न्यायदालनात आरोपीच्या नजरेसमोर तोच प्रसंग पुन्हा सांगताना साक्ष अधिक तुटक होऊ शकते आणि ही तुटकता खोटेपणाची खूण मानली जाण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नसणे हा त्यातील एक आधार होता. त्याविरुद्ध १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. बलात्काराचे खटले बंद दालनात चालवण्याची आणि पीडितेची ओळख गुप्त ठेवण्याची तरतूद तिच्यामुळे आली.

== कार्यपद्धती ==
केंद्रात साक्षीदारासाठी वेगळे प्रवेशद्वार, प्रतीक्षाकक्ष आणि साक्षकक्ष असतो. साक्षीपूर्वी न्यायालयाची ओळख करून दिली जाते आणि सोबत आधार देणारी व्यक्ती राहू शकते. साक्ष पडद्याआडून किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदवली जाते. मूकबधिर साक्षीदारासाठी दुभाष्याची मदत घेतली जाते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) यानुसार बालकाला प्रश्न थेट वकील विचारत नाहीत. ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात. साक्षीच्या दरम्यान वारंवार विश्रांती देणे, बालकाला पुन्हा पुन्हा न्यायालयात न बोलावणे आणि आक्रमक प्रश्न रोखणे ही विशेष न्यायालयाची जबाबदारी आहे. २०१३ च्या दुरुस्तीनुसार, संमतीचा मुद्दा ठरवताना पीडितेचे चारित्र्य किंवा पूर्वीचे लैंगिक संबंध विचारात घेता येत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही ही तरतूद कायम आहे.

== न्यायालयीन निर्णय ==
* १९९६ – ''पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग'': पीडितेची उलटतपासणी सुरू असताना न्यायालयाने मूक प्रेक्षक राहू नये.
* २००३ – ''महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई'': दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष नोंदवण्यास मान्यता. हे प्रकरण वैद्यकीय हलगर्जीपणाचे होते.
* २००४ – ''साक्षी विरुद्ध भारत सरकार'': पडद्याची व्यवस्था करावी, घटनेशी थेट संबंधित उलटतपासणीचे प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत.
* २०१७ – महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात प्रत्येक उच्च न्यायालयाच्या कार्यक्षेत्रात किमान दोन केंद्रे उभारण्याचे निर्देश.
* २०२२ – असुरक्षित साक्षीदाराची व्याख्या विस्तारली. लैंगिक अत्याचाराची कोणत्याही वयाची व लिंगाची पीडित व्यक्ती, मानसिक आजार असलेले आणि जिवाला धोका असलेले साक्षीदार तिच्यात आले. प्रशिक्षणासाठी न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली.

== आरोपीचे हक्क आणि मर्यादा ==
निष्पक्ष खटला आणि उलटतपासणी हे आरोपीचे हक्क आहेत. केंद्रामुळे ते संपुष्टात येत नाहीत: आरोपीला साक्ष ऐकता येते आणि वकिलामार्फत प्रश्न विचारता येतात. साक्षीची कसोटी कायम राहते. तिच्यातील धाक तेवढा दूर केला जातो. मात्र केवळ स्वतंत्र खोली पुरेशी ठरत नाही. प्रश्न अवमानकारक असतील किंवा सुनावणी वारंवार तहकूब होत असेल, तर पडद्याआडही तोच आघात पुन्हा होतो. त्यामुळे न्यायाधीश, वकील आणि कर्मचारी यांचे प्रशिक्षण हा या व्यवस्थेचा आवश्यक भाग मानला जातो.