श्रद्धांजलीची भाषणे आणि आमचे इंग्रजी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एक पान गतवर्षी दिवंगत झालेल्या ज्ञातिबांधवांच्या नावांसाठी राखलेले असते. ते पान उघडले की आम्हांस एका तारेची आठवण होते, आणि त्या तारेबरोबर एका इंग्रजी शब्दाची. थोर पुरुषांच्या निधनानंतर झालेल्या भाषणांनी आमच्यासारख्या खेड्यातील मुलांस इंग्रजी कसे शिकविले, हा या लेखाचा विषय होय. पण त्याचा उगम त्या तारेत असल्याने आरंभ तेथूनच केला पाहिजे.

सन १९७० च्या कार्तिकातील गोष्ट. आम्ही इयत्ता आठवीत होतो. आमचे थोरले चुलते, ज्यांना घरात सर्वजण दादा म्हणत, मुंबईस गिरणीत कामाला होते. एके सायंकाळी पोस्टमनने इंग्रजी तार आणून दिली. वाडीत इंग्रजी शिकणारे आम्ही एकटेच. तेव्हा खळ्यावर सर्वांच्या देखत ती वाचण्याचा मान आम्हांस मिळाला. तारेत चारच शब्द होते : ‘दादा एक्स्पायर्ड कम सून’. पहिला शब्द घरचा, शेवटचे दोन पाठ्यपुस्तकातील. मधला कधी ऐकला नव्हता. मरणासाठी ‘डाय’ आणि ‘डेड’ एवढेच शब्द आम्हांस ठाऊक, आणि ते तारेत नव्हते. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, “दादांनी लवकर बोलावले आहे.” वडील म्हणाले, “भाताची झोडणी आटोपली की परवा निघतो.” दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी तार पाहिली आणि काही न बोलता आम्हांस घेऊन ते आमच्या घरी आले. वडील त्याच रात्री निघाले. पण मुंबईस पोहोचले तेव्हा भावाची चिता शांत झालेली होती. वडिलांनी आम्हांस शब्दानेही दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरे झाले असते, असे पुढे कैक वर्षे वाटत राहिले.

त्या प्रसंगानंतर गुरुजींनी एक उपक्रम आरंभिला. दर शनिवारी ते एखाद्या दिवंगत पुढाऱ्यास वाहिलेल्या श्रद्धांजलीचे इंग्रजी भाषण वाचून दाखवीत आणि त्यातील शब्द फळ्यावर लिहीत. “शब्दकोशात शब्द झोपलेले असतात, माणूस जातो तेव्हा ते जागे होतात,” असे ते म्हणत.

पहिले भाषण अर्थातच पंडित नेहरूंचे. दिनांक ३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी दिल्लीस बिर्ला भवनात महात्माजींची हत्या झाली आणि त्याच रात्री पंडितजी आकाशवाणीवरून राष्ट्राशी बोलले. आपल्या जीवनातील प्रकाश गेला, सर्वत्र अंधार आहे, असे ते प्रथम म्हणाले. नंतर आपणच चुकलो असे सांगून, तो प्रकाश साधा नव्हता, तो पुढेही देशास उजळीत राहील, असे त्यांनी स्वतःस दुरुस्त केले. गुरुजींनी आम्हांस त्यातील कठीण शब्द शोधावयास सांगितले. त्या प्रारंभीच्या वाक्यांत आम्हांस एकही सापडेना. ‘लाइट’, ‘डार्कनेस’, ‘गॉन’ हे तर आमच्याच पुस्तकातील शब्द. केंब्रिजला शिकलेल्या विद्वानाने आयुष्यातील सर्वांत मोठ्या दुःखाच्या वेळी शाळकरी मुलांचे शब्द वापरले, हे पाहून इंग्रजीची आमची निम्मी भीती त्या दिवशी गेली.

दुसरा धडा पुण्याचा. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९ फेब्रुवारी १९१५ रोजी निधन झाले. लोकमान्य टिळक आणि गोखले यांचे मार्ग भिन्न; १९०७ साली सुरतेस काँग्रेस दुभंगली तेव्हा हे दोघे दोन तटांवर उभे होते. तरीही वार्ता कळताच लोकमान्य सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानभूमीत बोलले. ही वेळ टाळ्यांची नव्हे, अश्रूंची आहे, असे जमावास बजावून त्यांनी गोखल्यांस भारताचा हिरा, महाराष्ट्राचे रत्न आणि कार्यकर्त्यांचा राजा म्हणून गौरविले. या भाषणाच्या इंग्रजी पाठात ‘प्रिन्स’ हा शब्द येतो. आम्हांस तो राजपुत्र म्हणून ठाऊक होता. गुरुजींनी सांगितले की, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पहिल्या स्थानावरचा’ असा आहे. राजवाड्यात न जन्मलेला माणूसही आपल्या कामाने ‘प्रिन्स’ ठरतो. लगेच त्यांनी फळ्यावर ‘ऑपोनंट’ आणि ‘एनिमी’ हे दोन शब्द शेजारी लिहिले. पहिला म्हणजे प्रतिपक्षी, दुसरा म्हणजे शत्रू. टिळक गोखल्यांचे पहिले होते, दुसरे नव्हते. हा फरक आम्हांस कोणत्याही व्याकरणाने शिकविला नसता.

तिसरे भाषण लोकसभेतील. दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्याच दिवशी पंडित नेहरूंनी सभागृहात त्यांस श्रद्धांजली वाहिली. बाबासाहेबांनी १९५१ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. असे असता नेहरूंनी त्यांस हिंदू समाजातील सर्व जुलमी प्रथांविरुद्धच्या बंडाचे प्रतीक म्हटले. ‘सिंबल’ म्हणजे प्रतीक, ‘रिव्होल्ट’ म्हणजे बंड. ‘ऑप्रेस’ या क्रियापदात ‘प्रेस’, म्हणजे दाबणे, आहे. म्हणजे आपले ‘दडपणे’च. मृत्यूनंतर माणसास केवळ ‘थोर’ म्हणून मोकळे होणे सोपे असते; तो कशाविरुद्ध लढला त्याचे नाव घेणे हीच खरी श्रद्धांजली, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पुढे आम्ही स्वतः शिक्षक झालो आणि हाच मार्ग चोखाळला. शब्दांची मुळे सांगितली की मुलांचे डोळे चमकतात, असा आमचा अनुभव आहे. ‘ट्रिब्यूट’ म्हणजे मुळात खंडणी. मांडलिकाने वरिष्ठ राजास द्यावयाचा कर. मोठ्या माणसास आपण गौरवाची खंडणी देतो, म्हणून तोच शब्द श्रद्धांजलीस आला. ‘कंडोलन्स’ म्हणजे बरोबरीने दुःख सोसणे. आपली ‘सहवेदना’ अक्षरशः तीच. ‘यूलॉजी’ हा ग्रीक शब्द. चांगले बोलणे, एवढाच त्याचा अर्थ. ‘बिरीव्ह्ड’ म्हणजे शोकाकुल खरे, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लुटला गेलेला असा होता. आपणही मृत्यूने माणूस हिरावून नेला असेच म्हणतो. एका मुलाने ‘लेट शिवाजी महाराज’ असे लिहिले होते. ‘लेट’ हा शब्द अलीकडच्या काळात गेलेल्यांसाठी वापरतात, शतकांपूर्वीच्या इतिहासपुरुषांसाठी नव्हे, हे त्या निमित्ताने सर्व वर्गास कळले.

आमच्या निवृत्तीच्या वर्षी, २७ जुलै २०१५ रोजी, माजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांचे शिलाँग येथे निधन झाले. सरकारने सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आली व म्हणाली, “गुरुजी, सात दिवस मॉर्निंग म्हणजे काय? सकाळ तर रोजच होते!” वर्ग हसला. आम्ही दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. मधे ‘यू’ हे अक्षर आले की सकाळीचा शोक होतो, हे दाखविले. ध्वज अर्ध्यावर का उतरवितात, त्यास ‘हाफ-मास्ट’ का म्हणतात, ‘मास्ट’ म्हणजे जहाजाची डोलकाठी, हेही सांगितले. तो आठवडा संपला तेव्हा मुलांच्या वह्यांत चाळीसहून अधिक नवे शब्द होते, आणि ते घोकून घेण्याची गरज पडली नव्हती.

आज आपल्या समाजाची मुले इंग्रजी शाळांतून शिकतात, आमच्यापेक्षा भराभर बोलतात, याचा आम्हांस अभिमान आहे. तार बंद होऊनही बरीच वर्षे झाली. ती २०१३ च्या जुलैत इतिहासजमा झाली. तथापि मृत्यूची वार्ता आली की भ्रमणध्वनीवर तीन आद्याक्षरे धाडून मोकळे होण्याची रीत पाहिली म्हणजे मन खिन्न होते. पालकांस आमची विनंती आहे की, वर्षातून निदान एक थोर श्रद्धांजली मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी, आणि घरातील माणूस गेल्यास त्याच्याविषयी चार खरी वाक्ये त्यांस लिहावयास लावावीत. मराठीत लिहावीत, इंग्रजीतही लिहावीत.

त्या तारेतील शब्दाचे मूळ आम्हांस फार उशिरा कळले. औषधाच्या वेष्टनावर मुले आज तो रोज वाचतात आणि मुदत संपणे एवढाच त्याचा अर्थ समजतात. वास्तविक ‘एक्स्पायर’ म्हणजे श्वास बाहेर सोडणे. आमची आजी निरक्षर होती, पण दादांविषयी बोलताना ती नेहमी म्हणे, “माझ्या लेकाने परमुलखात श्वास सोडला.” तारेतील तो शब्द तिने न शिकताच अचूक भाषांतरित केला होता.