मावशीची वही : तीन कात्रणे आणि एक फोटो

१९७२ साली उस्मानिया विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश घेऊन मी देगलूरकडून हैदराबादेस आले आणि विद्यानगरात माझ्या मावशीकडे राहू लागले. दोन खोल्यांचे भाड्याचे घर. जवळूनच मनमाड-काचीगुडा मीटरगेजची गाडी जाई. शिट्टी ऐकू आली की हातातले काम थांबवून मावशी म्हणायची, "आपल्याकडची गाडी गेली गं." १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा एकीकडे, बिदर-गुलबर्गा दुसरीकडे आणि तेलंगण तिसरीकडे गेले. तेव्हापासून मावशी एका राज्यात आणि आम्ही दुसऱ्या. तिच्या लेखी मात्र ती गाडी सगळे शिवून ठेवीत होती.

एका पावसाळ्यात ट्रंकेतल्या कपड्यांना हवा देताना जाड पुठ्ठ्याची एक वही निघाली. तीत तीन चित्रे चिकटवलेली होती आणि शेवटच्या पानावर मावशीचा स्वतःचा फोटो होता, १९५२ सालचा. इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय. पण त्या चार पानांनी मला जे शिकवले ते वर्गात कोणी शिकवले नाही. राजेरजवाड्यांचे फोटो ग्रंथालयांत जपले जातात. ते पाहून साध्या घरातल्या बाईने आपल्यापुरते काय उचलले, याची नोंद कोण ठेवतो?

हैदराबादेत बाईने फोटो काढून घेणे ही मुळात सोपी गोष्ट नव्हती. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे. रुडकीला शिक्षण झाले, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी झाली आणि पुढे ते कॅमेऱ्यासह या शहरात स्थिरावले. १८९२ साली त्यांनी येथे खास जनाना स्टुडिओ उघडला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तेथे श्रीमती केनी-लेविक नावाची इंग्रज बाई काढी. बाहेरच्या पुरुषाची नजर पडू नये असा चोख बंदोबस्त असे. म्हणजे चेहरा कागदावर उमटवायचा, पण तो पाहायचा कोणी, हे घरच्यांनी ठरवायचे. शिवाय ही सोय बड्या घरांची. आमच्यासारख्या पांढरपेशा मराठी घरांतून बाईचा फोटो निघालाच तर तो लग्नानंतर, नवऱ्याच्या खुर्चीशेजारी उभे राहून.

मावशीला तेही राहिले नव्हते. १९४६ साली, विसाव्या वर्षी, ती विधवा झाली. विषमज्वराने चार आठवड्यांत सगळे आटोपले. तिच्या सासूच्या सासूने केशवपन केलेले आणि जन्मभर आलवण नेसलेले मावशीने डोळ्यांनी पाहिले होते. तिच्या वेळेपर्यंत वपनाची चाल सुटली होती. पण विटके लुगडे, डोक्यावरून पदर आणि फोटोच्या चौकटीबाहेरची जागा, एवढे शिल्लक होते. भावाच्या आधाराने ती हैदराबादेस आली, मॅट्रिक झाली, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. १९५२ साली नोकरीच्या अर्जाला फोटो लावायचा होता. प्रश्न साधा वाटेल : त्या फोटोत नेसायचे काय आणि दिसायचे कसे? पण विधवेने कसे दिसावे हे आजवर दुसऱ्यांनीच ठरवले होते. पहिल्यांदाच तिला ते स्वतः ठरवायचे होते. त्यासाठी तिने ही वही केली.

पहिले चित्र बालगंधर्वांचे. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले आणि पुढची दोन-तीन तपे महाराष्ट्रातल्या बायकांनी नेसावे कसे, केसांत गजरा माळावा कसा, याचा पाठ एका पुरुषाकडून घेतला. ज्या घरांनी नाटक कधी पाहिले नाही, तिथेही त्यांचे फोटो पोचले. शालू, नथ, खांद्यावरचा पदर, सारे बायका त्या चित्रांवरून उचलीत. मावशीच्या वहीत मात्र शालूतली भामिनी किंवा रुक्मिणी नव्हती. होती १९१९ च्या 'एकच प्याला'तली सिंधू, ठिगळाच्या लुगड्यातली. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "शालूत कोणीही चांगलं दिसतं. हिच्याकडे बघ. अंगावर काही नाही, पण पदर कसा धरलाय!" थोडे थांबून पुढे म्हणाली, "आणि पुरुषानं नेसलं तर कौतुक. आपण नेसलं की चौकशी."

दुसरे कात्रण कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकातले, राजकन्या निलोफर यांचे. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे सातव्या निजामांच्या दोन्ही पुत्रांचे विवाह झाले. थोरले आझम जाह यांना शेवटच्या उस्मानी खलिफाची कन्या दुर्रूशेहवार मिळाली, धाकटे मुअज्जम जाह यांना त्याच घराण्यातील निलोफर. निलोफर तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. तुर्कस्तानात जन्मलेल्या आणि फ्रान्समध्ये वाढलेल्या या मुलीने हैदराबादेत येऊन साडी आपलीशी केली, ती अशी की जगातल्या सुंदर स्त्रियांत तिचे नाव घेतले जाऊ लागले. तिच्या काही साड्या न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहात आहेत. पडदा न पाळता ती समारंभांना जाई. ज्या शहरात जनाना स्टुडिओच्या भिंती उभ्या राहिल्या, तिथेच चाळीस वर्षांत राजघराण्यातील सून उघड्या चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

तिची गोल साडी आमच्या बायकांना नवी होती, पण परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ज्ञानदानंदिनी देवी टागोर मुंबईस आल्या, पारशी बायकांचे नेसणे पाहून त्यात फेरफार केले आणि ती पद्धत बंगालात नेली. तिथून ती देशभर फिरली. लुगड्याकडून गोल पातळाकडे येणे हा आपल्याकडे एका पिढीचा प्रवास आहे, आणि त्यात चित्रांचा, मासिकांचा वाटा मोठा आहे. निलोफरची भरजरी साडी मावशीला परवडणारी नव्हती आणि शोभणारीही नव्हती. तिने त्यातून घेतल्या दोनच गोष्टी : खांद्यावरून सरळ सोडलेला पदर आणि समोर पाहणारी मान. पुढे एक दासी बाळंतपणात दगावली म्हणून याच निलोफरने बायका-मुलांसाठी रुग्णालय उभे करवले. १९५३ साली सुरू झालेले ते निलोफर रुग्णालय शहराला माहीत आहे. मावशी म्हणे, "मी आधी साडी पाहिली. बाई कशी होती ते नंतर कळलं."

तिसरे कात्रण वर्तमानपत्रातले, दुर्गाबाईंचे. राजमहेंद्रीच्या या तेलुगू मुलीने १९२३ साली काकीनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी खादी प्रदर्शनाच्या दारात तिकीट नाही म्हणून जवाहरलाल नेहरूंना अडवले होते. पुढे वकील झाली, घटना समितीत बसली. १९५३ साली त्यांचा विवाह आपल्या चिंतामणराव देशमुखांशी झाला आणि त्या महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या. पण कात्रण त्याआधीचे आहे. खादीची साडी, चष्मा, बस्स. पांढरे वस्त्र शोकाचेच असते असे नाही, ते कामाचेही असू शकते, हे मावशीला त्या चित्राने सांगितले. योग असा की विद्यानगरला लागून असलेल्या रस्त्यावरच दुर्गाबाईंच्या आंध्र महिला सभेच्या संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नावाचे रुग्णालय आजही तिथे आहे. चिंतामणरावांची अखेरही १९८२ साली याच शहरात झाली.

आता शेवटचे पान. मावशीच्या फोटोत बालगंधर्व नाहीत, निलोफर नाही, दुर्गाबाईही नाहीत. आहे ती सव्वीस वर्षांची एक बाई. पांढरी सुती नारायणपेठी साडी, गोल नेसलेली, पदर डाव्या खांद्यावरून सरळ खाली आणि त्याची कड उजव्या हाताच्या बोटांत, डोक्यावर काही नाही, कपाळ मोकळे, नजर समोर. तिघांकडून एकेक गोष्ट घेतली आणि बाकीचे सोडून दिले. नक्कल आणि आपली ढब यांत फरक कोणता, असे मला कोणी विचारले तर मी हा फोटो दाखवीन. काय घेतले यापेक्षा काय सोडले, त्यावर तो फरक ठरतो.

स्टुडिओतून तीन प्रती मिळाल्या. एक अर्जाला लागली आणि नोकरी मिळाली. पुढे बत्तीस वर्षे तिने मुलींना मराठी शिकवले. दुसरी आजीने देवघराच्या कपाटात, पोथीखाली ठेवली. तिसरी मावशीने सासरी पाठवली, आपण कमावत्या झालो हे कळावे म्हणून. ती त्याच पाकिटात परत आली. आत चिठ्ठी नव्हती. वहीत चिकटवलेली प्रत ती हीच. तिच्या मधोमध घडीची रेघ आहे. नव्या पुठ्ठ्यावर काढलेला फोटो घडी घालून परत पाठवला होता.

"वाईट वाटलं का गं?" मी विचारले होते.

"डोक्यावर पदर नाही म्हणून परत पाठवला," मावशी म्हणाली आणि हसली. "काठ त्यांना दिसलाच नाही. हिरवा होता."

आपल्याकडे हिरवा रंग कोणाचा आणि कोणाला वर्ज्य, हे वाचकांना सांगायला नको. फोटो काळा-पांढरा, त्यात हिरव्याची करडी रेघ झालेली. सगळ्यांनी तो फोटो पाहिला, पण ती रेघ तिची एकटीची राहिली.

मावशी १९९४ साली गेली. वही माझ्याकडे आली. परवा माझी नात सुट्टीला आली असता ती उलटीत बसली होती. पहिली तीन पाने तिने भराभर उलटली. शेवटच्या पानावर थांबली. "आजी, मला अशी साडी हवी. काठ कोणता आहे हा, राखाडी?"

"नाही," मी म्हटले, "हिरवा." आणि सगळी हकीकत सांगायला बसले.